मद्रासमध्ये जन्मलेला पोरगा बीटल्सचा ड्रमर होता, पण बँड जगभर गाजायच्या तोंडावर त्याला नारळ मिळाला

बीटल्स म्हटलं की चार नावं येतात. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार. टी-शर्टवर हेच चौघे, झेब्रा क्रॉसिंगवरच्या त्या फोटोत हेच चौघे आणि क्विझमध्येही हेच चौघे.

बीटल्सचं आणि भारताचं नातं विचारलं तर लोक ऋषिकेश सांगतात. १९६८ साली हे चौघे महर्षी महेश योगींच्या आश्रमात राहिले होते. जरा जास्त माहिती असलेला कुणी सांगतो की त्याच वर्षी जानेवारीत जॉर्ज हॅरिसनने मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत आपल्या वादकांना घेऊन रेकॉर्डिंग केलं होतं.

पण या सगळ्याच्या कितीतरी आधी बीटल्समध्ये एक असा गडी होता जो भारतातच जन्मला होता. एक-दोन आठवडे नाही, तर तब्बल दोन वर्षं तो या बँडचा ड्रमर होता. त्याच्या आईच्या तळघरात हा बँड वाढला. आणि पहिलं गाणं बाजारात यायला दोन महिनेसुद्धा उरले नव्हते तेव्हा त्याला बाहेर काढण्यात आलं.

त्याचं नाव पीट बेस्ट. पण त्याची गोष्ट त्याच्या आईपासून सुरू करावी लागते.

मोना शॉ ही १९२४ साली दिल्लीत जन्मलेली मुलगी. वडील ब्रिटिश फौजेत मेजर, घराणं मूळचं आयरिश. दुसरं महायुद्ध सुरू होतं त्या काळात तिचं डोनाल्ड स्कॅनलँड नावाच्या मरीन इंजिनियरशी जमलं आणि २४ नोव्हेंबर १९४१ ला मद्रासमध्ये त्यांना मुलगा झाला. तोच हा पीट. डोनाल्ड युद्धात गेला. पुढे मोनाची ओळख जॉनी बेस्ट या लिव्हरपूलच्या लष्करी अधिकाऱ्याशी झाली. त्याच्या घरच्यांचा बॉक्सिंगचे सामने भरवायचा धंदा होता.

या दोघांचं लग्न १९४४ च्या मार्चमध्ये आपल्या मुंबईत झालं, सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये. हॉर्निमन सर्कलला हे चर्च आजही उभं आहे. किल्ल्याच्या ज्या दरवाजातून या चर्चकडे जायचा रस्ता होता तो 'चर्चगेट', आणि स्टेशनला नाव मिळालं ते त्यावरूनच. म्हणजे लोकलमधून चर्चगेटला उतरणारा प्रत्येक माणूस बीटल्सच्या इतिहासाच्या अगदी शेजारून जातो, फक्त त्याला पत्ता नसतो.

युद्ध संपलं आणि बेस्ट कुटुंब जॉर्जिक नावाच्या सैनिकी जहाजाने निघालं. १९४५ च्या नाताळात ते लिव्हरपूलला उतरलं. भारतातली ऊब सोडून आलेल्या मोनासमोर होतं बॉम्बहल्ल्यांनी पडलेलं, धुरकट आणि थंडीने गारठलेलं शहर.

पुढचा किस्सा बेस्ट कुटुंबात अनेक वर्षं सांगितला जातो. १९५४ च्या डर्बी शर्यतीत 'नेव्हर से डाय' नावाचा घोडा पळणार होता. जॉकी होता लेस्टर पिगट, तेव्हा अवघा अठरा वर्षांचा. घोड्याचा भाव होता ३३ ला १, म्हणजे तो जिंकेल असं फारसं कुणालाच वाटत नव्हतं. मोनाने आपले दागिने गहाण टाकले आणि सगळे पैसे या घोड्यावर लावले.

घोडा जिंकला.

त्या पैशाच्या जोरावर पुढे बेस्ट कुटुंबाने लिव्हरपूलच्या वेस्ट डर्बी भागात, ८ हेमन्स ग्रीन या पत्त्यावर पंधरा खोल्यांचं जुनं घर घेतलं. मागे मोठी बाग आणि खाली भलंमोठं तळघर. हे तळघर लक्षात ठेवा.

आता जरा शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊ.

१९५६ च्या सुमारास ब्रिटनमध्ये 'स्किफल' नावाचा ताप आला होता. लॉनी डोनेगन हा त्याचा हिरो. स्किफलची गंमत अशी की त्याला फारसे पैसे लागत नव्हते आणि संगीत शिकायचीही गरज नव्हती. एक स्वस्तातली गिटार, तालासाठी कपडे घासायची पत्र्याची फळी, आणि चहाच्या रिकाम्या खोक्याला दांडा आणि दोरी बांधली की झाला बास. गल्लोगल्ली पोरांनी बँड काढले. लेननने शाळेतल्या मित्रांना घेऊन काढला तो 'क्वॉरीमेन'. शाळेचं नाव क्वॉरी बँक, म्हणून हे नाव.

६ जुलै १९५७ ला वूल्टनच्या सेंट पीटर्स चर्चच्या जत्रेत क्वॉरीमेनचा कार्यक्रम होता. तिथे पंधरा वर्षांचा पॉल मॅकार्टनी आला. त्याने जॉनला गिटार वाजवून दाखवली, गाण्यांचे शब्द त्याला जॉनपेक्षा चांगले पाठ होते आणि गिटार कशी जुळवायची हेही माहीत होतं. जॉनला तर गिटारही बँजोसारखी जुळवून वाजवायची सवय होती, कारण ते त्याला आई जुलियाने शिकवलं होतं. काही दिवसांत पॉल बँडमध्ये आला. १९५८ मध्ये त्याच्या ओळखीने जॉर्ज हॅरिसन आला, वय जेमतेम पंधरा.

पॉलची आई १९५६ मध्ये कॅन्सरने गेली होती. जुलै १९५८ मध्ये जुलियाला मोटारीने उडवलं आणि जॉनची आईही गेली. या दोघांची दोस्ती नुसत्या गिटारवर टिकलेली नव्हती, एवढं यावरून कळावं.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, ती म्हणजे ही पोरं वर्षानुवर्षं एकत्र राहू शकली कशी? ब्रिटनमध्ये तेव्हा सक्तीची लष्करी सेवा होती. अठरा वर्षं झाली की दोन वर्षं फौजेत. चांगले चांगले बँड यामुळे फुटायचे. पण १९३९ च्या ऑक्टोबरनंतर जन्मलेल्यांना ही सक्ती लागली नाही आणि १९६० च्या शेवटी तर ती बंदच झाली. जॉनचा जन्म ऑक्टोबर १९४० चा. तो दोन वर्षं आधी जन्मला असता तर ही पुढची गोष्ट घडलीच असती असं सांगता येत नाही.

तर १९५९ साल उजाडेपर्यंत या बँडची अवस्था काय होती? खरं सांगायचं तर बँड जवळपास बंद पडला होता. कामं मिळत नव्हती, ड्रमर नव्हता. ड्रमचा सेट महाग, त्यामुळे ज्याच्याकडे सेट आहे तो कुठल्याही बँडकडे भाव खाऊन जायचा. लोक विचारायचे ड्रमर कुठाय, तर ही पोरं सांगायची ताल गिटारमध्येच आहे.

जॉर्ज तर दुसऱ्याच बँडमध्ये वाजवायला लागला होता, लेस स्ट्युअर्ट क्वार्टेटमध्ये.

तळघरातला कॉफी क्लब

इकडे मोना बेस्टने टीव्हीवर लंडनच्या 'टू आइज' कॉफी बारबद्दलचा कार्यक्रम पाहिला. तळघरात कॉफी, तरुण पोरांची गर्दी आणि रॉक अँड रोल. तिच्या दोन मुलांचे मित्र नाहीतरी दिवसभर घरात पडीक असायचे. तिने ठरवलं की आपल्या तळघरात असंच काहीतरी करायचं. चार्ल्स बॉयरच्या 'अल्जियर्स' या तिच्या आवडत्या सिनेमावरून तिने नाव ठेवलं 'कॅस्बा'.

उद्घाटनाला लेस स्ट्युअर्टचा बँड वाजवणार होता. पण त्या बँडमधला केन ब्राउन क्लबच्या कामात मदत करण्यासाठी तालमी चुकवायला लागला, त्यावरून भांडण झालं आणि लेस स्ट्युअर्टने वाजवायला नकार दिला. आता करायचं काय? जॉर्ज म्हणाला माझे दोन मित्र आहेत. आणि जॉन व पॉलला घेऊन आला.

मोनाने काय केलं? पोरांच्या हातात आधी गिटार नाही, ब्रश दिले. भिंती रंगवायच्या बाकी होत्या. कुणी कोळी काढले, कुणी चांदण्या, पॉलने छतावर इंद्रधनुष्याचे पट्टे काढले. जॉनची नजर कमजोर होती आणि चष्मा घालायची त्याला लाज वाटायची, त्यामुळे त्याने भलताच रंग उचलला आणि तो वाळता वाळेना. ही चित्रं आजही त्या तळघरात आहेत.

२९ ऑगस्ट १९५९ ला कॅस्बा उघडला. सभासद फी अडीच शिलिंग. दारू नाही, फक्त कॉफी, कोक आणि खाणं. पहिल्याच रात्री तीनशेच्या आसपास पोरंपोरी आली. जॉन, पॉल, जॉर्ज आणि केन ब्राउन, चौघेही गिटारवाले, ड्रमर शून्य. मोना त्यांना रात्रीचे तीन पौंड द्यायची, म्हणजे प्रत्येकी पंधरा शिलिंग.

या पंधरा शिलिंगवरूनच काही आठवड्यांत वाजलं. ऑक्टोबरमध्ये एका शनिवारी केन ब्राउनला बरं नव्हतं. तो वाजवू शकला नाही, पण मोनाने त्याला दारावर तिकिटं घ्यायला बसवलं आणि त्याचे पंधरा शिलिंग दिले. बाकीच्या तिघांचं म्हणणं, वाजवलं आम्ही तिघांनी, तर पैसे आमचे. मोना बधली नाही. पोरं तणतणत निघून गेली.

मला विचाराल तर इथे मोनाचं बरोबर होतं. पण ही बाई ऐकून घेणारी नाही हे त्या तिघांनी तेव्हाच मनात नोंदवलं असणार.

केनने मग पीटला हाताशी धरून नवा बँड काढला, 'ब्लॅकजॅक्स'. मोनाने पोराला ड्रमचा सेट घेऊन दिला होताच. कॅस्बामध्ये आता ब्लॅकजॅक्स वाजवायला लागले.

जॉनच्या बँडची दरम्यान नावं बदलत होती. जॉनचा आर्ट कॉलेजातला मित्र स्टुअर्ट सटक्लिफ याचं एक चित्र ६५ पौंडांना विकलं गेलं होतं. त्या पैशातून त्याला बास गिटार घ्यायला लावली आणि बँडमध्ये ओढलं. वाजवता येत नव्हतं, पण दिसायला भारी होता. बडी हॉलीच्या 'क्रिकेट्स'वरून किड्याचं नाव हवं म्हणून 'बीटल्स' हे नाव पुढे आलं, 'सिल्व्हर बीटल्स' वगैरे करत करत ऑगस्ट १९६० मध्ये नुसतं 'बीटल्स' उरलं.

आणि याच महिन्यात लॉटरी लागली. कॉफी बार चालवणाऱ्या अ‍ॅलन विल्यम्सने त्यांना जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या एका क्लबचं काम मिळवून दिलं. अट एकच होती, पाच जण पाहिजेत. हे चार, त्यात ड्रमर नाही. निघायला काहीच दिवस उरलेले.

ही पोरं परत कॅस्बात आली तेव्हा तिथे पीट बेस्ट कोऱ्या करकरीत ड्रम सेटवर बसला होता. पॉलने फोन केला, नावापुरती ऑडिशन झाली, आणि शिक्षक व्हायचा विचार करणारा अठरा वर्षांचा पीट विल्यम्सच्या व्हॅनमध्ये बसून हॅम्बुर्गला निघाला.

हॅम्बुर्ग

१७ ऑगस्ट १९६० ला त्यांनी 'इंद्रा' नावाच्या क्लबमध्ये वाजवायला सुरुवात केली. हो, नाव खरंच इंद्रा. हा भाग म्हणजे रेड लाइट एरिया. खलाशी, गुंड, स्ट्रिप क्लब. आठवड्याच्या दिवशी रोज साडेचार तास आणि शनिवार-रविवारी सहा तास वाजवायचं. मिळायचे माणशी दिवसाला ३० मार्क.

राहायची सोय बांबी किनो नावाच्या सिनेमा थिएटरच्या पडद्यामागच्या खोल्यांत. खिडकी नाही, शेजारी संडास. पहाटे झोपायचं आणि दुपारी सिनेमाच्या आवाजाने उठायचं. क्लबचा मालक ब्रुनो कोश्मिडर स्टेजसमोर येऊन ओरडायचा, 'माख शाव!' म्हणजे शो करा, नुसते उभे राहू नका. मग जॉन स्टेजवर लोळायचा, उड्या मारायचा. रोज सहा तास भरायचे तर वीसएक गाणी पुरत नाहीत, म्हणून मिळेल ते बसवायचं आणि एकेक गाणं लांबवत न्यायचं.

या साऱ्या आवाजाच्या तळाशी पीटचा ड्रम होता. बेस ड्रमवर एकसारखा जोरकस ठोका ही त्याची खासियत. लिव्हरपूलमध्ये बीटल्सचा जो आवाज लोकांना भावला त्यात या ठोक्याचा मोठा वाटा होता असं त्या काळात ऐकलेले अनेक जण सांगतात.

शेवट मात्र वाईट झाला. त्यांनी दुसऱ्या क्लबशी संधान बांधलं आणि कोश्मिडर भडकला. जॉर्ज सतरा वर्षांचा असल्याचं पोलिसांना कळलं आणि नोव्हेंबरमध्ये त्याला देशाबाहेर घालवलं. मग पॉल आणि पीट त्या अंधाऱ्या खोलीतून सामान काढत होते, उजेड हवा म्हणून त्यांनी भिंतीवर निरोध अडकवून पेटवला. कोश्मिडरने जाळपोळीची तक्रार केली, दोघे कोठडीत आणि तिथून थेट विमानाने घरी. पीटचे ड्रम तिकडेच राहिले.

परतल्यावर पहिला कार्यक्रम कुठे? कॅस्बात. १७ डिसेंबर १९६०. स्टुअर्ट प्रेयसी आस्ट्रिडसाठी हॅम्बुर्गलाच थांबलेला, म्हणून बासवर ब्लॅकजॅक्समधला चास न्यूबी उभा राहिला. सुट्टी संपली आणि तो कॉलेजला परत गेला. पुढे तो गणिताचा शिक्षक झाला.

दहा दिवसांनी, २७ डिसेंबरला लिदरलँड टाउन हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला. पोस्टरवर लिहिलं होतं 'थेट हॅम्बुर्गहून'. मानधन सहा पौंड. लोकांना वाटलं पोरं जर्मन आहेत आणि इंग्रजी बरं बोलतात! पडदा सरकला, पहिलं गाणं सुरू झालं आणि नाचायला आलेली गर्दी नाचायचं सोडून स्टेजकडे धावली. चार महिन्यांपूर्वी हा बँड शहरात कुणाच्या खिजगणतीत नव्हता.

पुढचं दीड वर्ष बीटल्सचं ऑफिस कुठे होतं विचाराल, तर हेमन्स ग्रीनलाच. कामं घ्यायला मोना आणि पीट. मोनाने स्वतः हॉल भाड्याने घेऊन कार्यक्रम लावले. कॅव्हर्न क्लबच्या मालकामागे लागून तिने पोरांना तिथे घ्यायला सांगितलं. कॅव्हर्न म्हणजे मॅथ्यू स्ट्रीटवरच्या फळांच्या गोदामाखालचं तळघर, मुळात जाझचा क्लब. फेब्रुवारी १९६१ पासून बीटल्स तिथे दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत वाजवायला लागले आणि पुढे तिथे जवळपास तीनशे कार्यक्रम केले. सामान वाहायला व्हॅन घेतली ती पीटचा जिवलग मित्र नील अ‍ॅस्पिनॉल याने. तो बेस्टांच्याच घरी भाड्याने राहायचा, अकाउंटन्सी शिकत होता.

आणि पोरी कुणासाठी यायच्या? पीटसाठी. देखणा, अबोल, न हसणारा. पण तो कार्यक्रम संपला की घरी जायचा. जॉन, पॉल, जॉर्ज रात्रभर एकत्र. हॅम्बुर्गमध्ये आस्ट्रिडच्या कंपूकडे बघून बाकीच्यांनी केस पुढे घ्यायची नवी स्टाइल उचलली, पीटने आपला मागे वळवलेला कोंबडा सोडला नाही. छोट्या गोष्टी, पण साठत गेल्या.

नोव्हेंबर १९६१ मध्ये रेकॉर्डच्या दुकानाचा मालक ब्रायन एपस्टाइन कॅव्हर्नमध्ये आला आणि मॅनेजर झाला. म्हणजे मोनाची जागा त्याने घेतली. मोनाला मात्र हा अजूनही 'पीटचा ग्रुप' वाटायचा आणि ती ते बोलून दाखवायची. १ जानेवारी १९६२ ला डेका कंपनीने ऑडिशन घेतली आणि नकार दिला. एप्रिलमध्ये स्टुअर्ट सटक्लिफ हॅम्बुर्गला मेंदूतल्या रक्तस्रावाने गेला. वय २१.

६ जून १९६२ ला ईएमआयच्या लंडनमधल्या स्टुडिओत जॉर्ज मार्टिनने त्यांना ऐकलं. पीटचं ड्रमिंग त्याला रेकॉर्डिंगसाठी पुरेसं वाटलं नाही. आता इथे एक गैरसमज आहे. मार्टिनने 'पीटला काढा' असं सांगितलं नव्हतं. त्या काळात रेकॉर्डिंगला व्यावसायिक ड्रमर बोलावणं ही सर्रास चालणारी गोष्ट होती, स्टेजवर कोण वाजवतो याच्याशी कंपनीला देणंघेणं नसायचं. मार्टिनला तेवढंच करायचं होतं. पण तिघांना कारण मिळालं. आणि त्यांच्या मनात माणूसही ठरलेला होता. रोरी स्टॉर्मच्या बँडचा रिंगो, हॅम्बुर्गपासूनचा दोस्त, पीट आजारी असला की बदली म्हणून बसणारा.

२४ जूनला कॅस्बा बंद झाला. शेवटच्या रात्रीही बीटल्सच वाजवत होते. जुलैमध्ये मोनाला मुलगा झाला, रोग. त्याचे वडील होते नील अ‍ॅस्पिनॉल.

१६ ऑगस्ट १९६२ ला सकाळी नीलनेच पीटला व्हॅनमधून एपस्टाइनच्या ऑफिसात सोडलं. पीटला वाटलं कार्यक्रमांबद्दल बोलायचं असेल. एपस्टाइनने इकडचं तिकडचं बोलून सांगितलं की पोरांना तू नको आहेस, रिंगो येतोय. जॉन, पॉल, जॉर्ज यांच्यापैकी एकही खोलीत नव्हता. पुढे जॉनने स्वतःच कबूल केलं की आम्ही भित्रेपणा केला.

नील नोकरी सोडायला निघाला होता. पीटनेच त्याला अडवलं, हा बँड मोठा होणार आहे, तू थांब. नील थांबला आणि पुढे बीटल्सच्या अ‍ॅपल कंपनीचा प्रमुख झाला.

लिव्हरपूलच्या पोरींनी मात्र राडा केला. 'पीट फॉरएव्हर, रिंगो नेव्हर' अशा घोषणा, आणि त्या झटापटीत जॉर्जचा डोळा काळानिळा. २२ ऑगस्टला ग्रॅनाडा टीव्हीने कॅव्हर्नमध्ये शूटिंग केलं, त्यात गाणं संपल्यावर पीट हवा म्हणून कुणीतरी ओरडलेलं अजून ऐकू येतं.

आणि रिंगोचं काय झालं? ११ सप्टेंबरच्या रेकॉर्डिंगला मार्टिनच्या टीमने त्यालाही बाजूला बसवलं, भाड्याचा ड्रमर अँडी व्हाइट बोलावला आणि रिंगोच्या हातात खंजिरी दिली. ५ ऑक्टोबरला 'लव्ह मी डू' बाजारात आलं आणि ब्रिटनच्या यादीत १७ व्या क्रमांकापर्यंत गेलं.

मग पीट काय करत होता? दुसरे बँड केले, अमेरिकेत नशीब काढून पाहिलं, काही चाललं नाही. बेकरीत पाव भरायचं काम केलं. नंतर लिव्हरपूलच्या रोजगार कार्यालयात चिकटला आणि वीस वर्षं लोकांना नोकऱ्या शोधून देण्याची नोकरी केली. तिघांपैकी कुणीही नंतर त्याच्याशी नीट बोललं नाही. मोनाशी मात्र जॉनचं बोलणं होतं. १९६७ च्या 'सार्जंट पेपर' अल्बमच्या कव्हरसाठी त्याने तिच्या वडिलांची फौजेतली पदकं मागून घेतली. म्हणजे भारतात नोकरी केलेल्या मेजर शॉची पदकं त्या जगप्रसिद्ध फोटोत आहेत, नातू नाही.

मोना सप्टेंबर १९८८ मध्ये गेली. त्याच वर्षी पीट पुन्हा ड्रमवर बसला, पुढे धाकटा भाऊ रोग बरोबर घेऊन स्वतःचा बँड काढला. १९९५ मध्ये बीटल्सचा 'अँथॉलॉजी १' आला, त्यात पीटने वाजवलेली दहा गाणी होती आणि तीन दशकांनी त्याला त्याचे घसघशीत पैसे मिळाले. त्याच अल्बमच्या कव्हरवर मात्र जुन्या फोटोतला त्याचा चेहरा फाडलेला दाखवलाय आणि तिथून खालचा रिंगो दिसतो. पीटच्या बँडने २००८ मध्ये स्वतःचा अल्बम काढला, नाव दिलं घराच्या पत्त्याचं, 'हेमन्स ग्रीन'.

२००६ पासून कॅस्बाचं तळघर ब्रिटनमध्ये संरक्षित वास्तू आहे. लिव्हरपूलला गेलात तर ते आतून बघता येतं. छतावरचे पॉलचे पट्टे आहेत, चांदण्या आहेत. जागा इतकी ठेंगणी आहे की उंच माणसाला वाकून चालावं लागतं.